सापडलेला टॅरंटुला, साठ डॉलरचं किट आणि एक चांगलं दुकान

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जानेवारीच्या शेवटी आमच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी घर सोडून गेलं आणि डंपस्टरशेजारी गादी, मोडकी खुर्ची यांच्यासोबत टेप लावलेला एक प्लास्टिकचा डबा ठेवून गेलं, डब्यावर मार्करने फक्त 'स्पायडर' लिहिलेलं. बाहेर शून्याच्या खाली थंडी. मुलीने डबा बघितला आणि तिथून हलेचना. आत तळहाताएवढा केसाळ कोळी होता, म्हणजे टॅरंटुला, पाय अंगाखाली ओढून बसलेला. रात्रभर बाहेर राहिला असता तर वाचला नसता हे त्या क्षणी मलाही कळलं, म्हणून डबा वर आणला. लीझिंग ऑफिसने आधीच्या भाडेकरूला फोन करून विचारलं तर उत्तर आलं की नकोय, ठेवा नाहीतर टाका. टाका हा शब्द ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि तो कोळी घरात राहणार हे तेव्हाच ठरलं.

आता रिव्ह्यू. दोन गोष्टींचा आहे, एक टॅरंटुला पाळायचं किट आणि एक दुकान. दोन्हींची नावं देत नाही, कारण असली किट सगळ्याच मोठ्या पेट स्टोअरमध्ये मिळतात आणि असलं दुकान तुमच्या गावात वेगळ्या नावाने असेल.

किट घेतलं दुसऱ्याच दिवशी, साधारण ६० डॉलरला. बॉक्सवर टॅरंटुलाचा फोटो होता आणि नवीन माणसाला तेवढं पुरतं, मलाही पुरलं. आत १० गॅलनची काचेची टाकी, जाळीचं झाकण, लाल बल्ब, रंगीत खडी, प्लास्टिकचं झाड, आणि पाण्याच्या भांड्यात ठेवायला एक स्पंज. सगळं नीट मांडलं, कोळ्याला आत सोडलं आणि पुढचे दोन दिवस तो सारखा काचेवर चढत होता. मला वाटलं खूश आहे, फिरतोय. खरं म्हणजे त्याला खडीवर पाय ठेवायला नको होतं, ती टोचते, आणि बल्बमुळे टाकी कोरडी ठणठणीत झाली होती. तिसऱ्या रात्री बघते तर तो झाकणाला उलटा लटकलेला आणि एका पायाची नखी जाळीत अडकलेली. टॅरंटुलाच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या असल्या जाळीत अडकतात आणि ओढाताणीत पाय तुटू शकतो. खाली १२ इंचाचा पोकळ भाग आणि तळाला खडी. ह्यांचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी, उंचावरून पडून फुटलं तर बहुतेक वेळा जीव जातो. मी टाकीच्या आत तळाला टॉवेल अंथरत होते, नवरा झाकण हळूहळू वाकडं करत होता, दहाएक मिनिटांनी ती नखी सुटली. त्या दहा मिनिटांसाठी किटला पाचपैकी एक. टाकी उपयोगी आहे म्हणून तो एक, बाकी काहीही वापरात नाही.

दुकान दुसऱ्या दिवशी शोधलं. अर्ध्या तासावर, एका स्ट्रिप मॉलच्या मागच्या अंगाला, फक्त सरपटणारे प्राणी, बेडूक आणि कोळी. मालक साठीतले, मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणते. फोटो दाखवला तर पहिलं वाक्य, तो लाल बल्ब आज रात्रीपासून बंद करा. दुसरं वाक्य, स्पंज फेकून द्या, त्यात फक्त बॅक्टेरिया वाढतात, कोळी उथळ भांड्यातलं साधं पाणी पितो. मग फोटो मोठा करून बघितला आणि सांगितलं की ही चिलीयन रोझ हेअर आहे, चिलीतल्या कोरड्या झुडपी भागातली, अमेरिकेत वर्षानुवर्षं नवशिक्यांना विकली गेलेली. घरात आपल्याला स्वेटरशिवाय बरं वाटतं तेवढं तापमान तिला चालतं, वेगळा हीटर नको. पुढच्या पायांवर नराला असतात तसे हुकसारखे आकडे दिसत नाहीत आणि आकार पूर्ण वाढीचा आहे, म्हणून बहुतेक मादी, पण नक्की कात टाकल्यावर सांगेन. मादी असेल तर वीस वर्षं जगू शकते हेही तेव्हाच सांगितलं, तयारी आहे का असं सरळ विचारलं. मुलगी ९ वर्षांची आहे. ती कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी ही घरात असू शकते, याचा विचार करून मी हो म्हटलं.

सामान किती घेतलं तर नारळाच्या काथ्याची एक दाबलेली वीट, कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा, लांब चिमटा आणि डझनभर क्रिकेट, म्हणजे रातकिडे. २५ डॉलरच्या आत. वीट म्हणजे आपण कुंड्यांत घालतो तेच कोकोपीट, फक्त खत न मिसळलेलं बघून घ्यायचं. पाण्यात भिजवून फुगवायचं, मग पिळून चांगलं वाळवायचं कारण ह्या जातीला ओल आवडत नाही, आणि टाकीत इतकं भरायचं की मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. आमची साधारण ५ इंची, म्हणून वर सात इंच मोकळे ठेवले. एका विटेने भागलं नाही, दुसरी आणावी लागली. जाळीचं झाकण काढून त्याच मापाची ॲक्रिलिकची शीट, ड्रिलने भोकं पाडून. ही शीट काकांनी स्वतः कापून दिली, कापायचे पैसे घेतले नाहीत, भोकं नवऱ्याने पाडली. त्या रात्री ती सालीखाली जाऊन बसली आणि पुन्हा काचेवर चढली नाही.

खाण्याचं थोडं सविस्तर लिहिते कारण माझ्यासाठी अवघड तेच होतं. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही, आणि जिवंत रातकिडा तिच्यासमोर सोडायचा म्हणजे हात थरथरत होता. हे काकांना सांगितलं. त्यांनी समजून घेतलं आणि म्हणाले की टॅरंटुला नुकताच मारलेला किडाही खाते, रात्री पाण्याच्या भांड्याजवळ ठेवा आणि सकाळी उरलेला उचला. जिवंत सोडलात आणि तिने २४ तासांत खाल्ला नाही तर काढून घ्या, कारण ती कात टाकत असेल तर भुकेला रातकिडा तिलाच कुरतडतो. आता आठवड्याला एक, कधी दोन. पोट पुढच्या भागाच्या दीडपट दिसायला लागलं की थांबायचं. बागेतले किडे पकडून द्यायचे नाहीत, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. रातकिड्यांना गाजर आणि बटाट्याची सालं घालते, ते जे खातात तेच तिच्या पोटात जातं. रात्री ते किरकिर करतात तेव्हा मला आजोळची पावसाळ्यातली ओटी आठवते, खरंच, झोप छान लागते.

मार्चपासून तिने खाणं बंद केलं. एक महिना, दोन, साडेतीन. पोटावरचा केस गेलेला भाग काळा पडायला लागला. दर पंधरा दिवसांनी मी दुकानात फोन करायचे आणि काका प्रत्येक वेळी न कंटाळता तेच सांगायचे, रोझ हेअर महिनोन्महिने उपास करते, पाणी ठेवा, पोट आक्रसत नाही ना तेवढं बघा. मग जूनमध्ये एका सकाळी ती पाठीवर पडलेली, पाय वर. मुलगी रडायला लागली, मीही. फोनवर काका म्हणाले, हात लावू नका, पाणी शिंपडू नका, टाकी हलवू नका, पाठीवर आहे म्हणजे कात टाकतेय, मेलेली टॅरंटुला पाय अंगाखाली गुंडाळून पालथी असते. संध्याकाळपर्यंत शेजारी जुनी कात आणि ती नवी कोरी, काळसर, पाठीवर गुलाबी झाक. दात पांढरे होते. ते कडक होऊन काळे पडेपर्यंत खायला द्यायचं नाही, आम्ही दोन आठवडे थांबलो. कात दुकानात नेली, काकांनी पाण्यात भिजवून उलगडली, भिंगाखाली बघून मादी म्हणून सांगितलं आणि मुलीलाही दाखवलं कुठे बघायचं ते. त्याचेही पैसे नाहीत. मुलीने नाव चिंगी ठेवलंय.

हातावर घेण्याबद्दल. काका म्हणाले कोळ्याला त्यात काही मिळत नाही आणि पडायची भीती असते, म्हणून आम्ही घेत नाही. चावली तर ह्या जातीचं विष साधारण मधमाशीसारखं, पण त्याहून त्रास तिच्या पोटावरच्या केसांचा. घाबरली की मागच्या पायांनी केस उडवते, हाताला लागले तर खाजकुयलीसारखी आग होते, डोळ्यात गेले तर डॉक्टर. टाकी साफ करताना मी हातमोजे आणि चष्मा घालते.

दुकानात एक निळाशार कोळी होता, गुटी सफायर. ही गुटी म्हणजे आंध्रातलं मुंबई-चेन्नई गाडी जाते तेच जंक्शन, तिथे हा पहिल्यांदा मिळाला आणि १८९९ मध्ये त्याची नोंद झाली. आज जंगलात तो अतिशय धोक्यात आहे, २०१९ पासून त्याच्या सगळ्या वंशाच्या (जीनसच्या) आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नियंत्रण आहे. मी किंमत विचारली तर काकांनी विकायला नकार दिला, फार चपळ आहे, विष जहाल आहे, नवशिक्यासाठी नाही. सौदा सोडून देणारा दुकानदार मला इथे पहिल्यांदाच भेटला. त्याच वंशातले कोळी आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहतात, ट्रेकला दिसले तर तिथेच राहू द्या. चिंगी पाळलेली होती आणि इथल्या थंडीत जगली नसती, म्हणून ती घरात आली.

दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण काही डब्यांवर प्राणी जंगलातून पकडलेला की इथेच पैदास केलेला हे लिहिलेलं नाही. विचारलं की काका खरं सांगतात, पण लिहायला हवं, सगळेच विचारत नाहीत. पार्किंग मागे आहे, सोमवारी बंद. रातकिडे शुक्रवारी दुपारी येतात, म्हणून शनिवारी सकाळी जा, त्यानंतर उशीर केलात तर पिशवीत अर्धे मेलेले निघतात.