हायल्युरॉनिक अ‍ॅसिड सीरम: माल चांगला, ड्रॉपर भिकार

बाटलीच्या तळाशी बोटभर सीरम शिल्लक आणि ड्रॉपरची रबरी टोपी चिरलेली. कस्टमर केअरला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "सुटा ड्रॉपर मिळत नाही, नवीन बाटलीवर दहा टक्के सूट देतो." म्हणजे साडेपाचशेच्या बाटलीवर पंचावन्न रुपये वाचवायचे आणि पुन्हा तोच ड्रॉपर घ्यायचा! रिव्ह्यू लिहायला बसले ती याच संतापात.

दिवाळीनंतर नाशिकची थंडी सुरू झाली की माझे गाल ओढल्यासारखे होतात, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. सुरुवातीला माझं मत सरळ होतं: पैसे वाया. खोक्यावर लिहिलंय, 'स्वच्छ, कोरड्या चेहऱ्यावर लावा.' तसंच लावायचे, आणि ऑफिसच्या एसीत बसलं की चेहरा आधीपेक्षा जास्त ताणायचा.

मत बदललं नणंदेमुळे. ती फार्मसी कॉलेजात शिकवते. म्हणाली, "वहिनी, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतं. कोरड्या गालावर धरणार काय? आणि वरून क्रीम लावलं नाही तर धरलेलंही उडून जातं." तेव्हापासून तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसत नाही. ओलसर गालांवर दोन-तीन थेंब, लगेच वर साधं क्रीम. आठवड्याभरात पापुद्रे गेले. डोळ्यांखालच्या बारीक रेषा दिवसभर भरल्यासारख्या दिसतात. रात्र नीट झोपले नाही की पुन्हा हजर. वांगाचे डाग मात्र होते तसेच आहेत. ते याचं कामच नाही.

शरीर हा पदार्थ स्वतःच बनवतं. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, त्यातला निम्मा त्वचेत. पण आत तो कमी पडला, तर बाटलीतला जाऊन ती तूट भरून काढत नाही. मोठे रेणू वरच पातळ थर धरून बसतात, छोटे जरासे आत शिरतात, इतकंच. घटकांच्या यादीत 'सोडियम हायल्युरोनेट' दिसलं म्हणून फसवणूक समजू नका, ते त्याचंच क्षाररूप. पूर्वी हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता बहुतेक जिवाणूंकडून आंबवून बनवतात. (सासूबाईंना दुसरी अर्धी गोष्टच सांगितली आहे.)

आता ड्रॉपर. काचेची नळी तळापर्यंत पोचतच नाही. माल जाड, मधासारखा, त्यामुळे बाटली उलटी केली तरी खाली यायला वेळ घेतो. टोपी दाबली की निम्मी हवा येते. वर नळीचं टोक गालाला लागलं की तेच परत बाटलीत. तीस मिलीचे पैसे घेता, तर तीस मिली हातात यायला नको? शेवटी इअरबडने खरवडून काढलं.

आणि घटकांच्या त्याच यादीत पाण्यानंतर दुसरं नाव ग्लिसरीनचं! तेही पाणीच धरतं आणि मेडिकलमध्ये फार स्वस्त मिळतं. नुसतं लावलं तर चिकट होतं, म्हणून गुलाबपाण्यात थोडंसं मिसळून हातापायांना लावते. तिथे सीरममध्ये आणि त्यात फरक शून्य. चेहऱ्याला मात्र सीरमच बरं वाटतं, कारण ते हलकं बसतं. फक्त जास्त घेतलं की वरच्या सनस्क्रीनच्या मळासारख्या वळ्या निघतात.

रत्नागिरीला आईला एक बाटली दिली होती, तिने दोन दिवसांत परत केली. "इथे आधीच घाम, त्यात हा चिकटा कशाला?" तिचं खरं आहे. दमट हवेत नुसतं साधं क्रीम पुरतं. देशावर, थंडीत आणि एसीत बसणाऱ्यांनी जरूर घ्या, पण पंपाची बाटली किंवा ट्यूब बघून.