आसाम: काझीरंगा-माजुली की हाजो-मानस?

गुवाहाटीत कामाख्येचं दर्शन झालं की रस्ता दोन दिशांना फुटतो.

पूर्वेला काझीरंगा. गेंडा बघायचाच असेल तर दुसरा विचार नको. 2022च्या गणनेत इथे 2613 गेंडे मोजले गेले, त्यामुळे जीपमधून तो दिसतोच, बहुतेकदा एकापेक्षा जास्त. गर्दीही तशीच, उद्यानाच्या कोहोरा आणि बागोरी विभागांत जीपांची रांग लागते, म्हणून मी आगरातोली विभाग सुचवेन. पुढे जोरहाटपर्यंत चहाचे मळे साथ सोडत नाहीत. निमाती घाटावरून फेरीने ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जावं. तिथले सत्र म्हणजे आसामचे संत शंकरदेव यांच्या परंपरेतले वैष्णव मठ. आपल्याकडच्या वारकऱ्याला नामघरातलं, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहातलं, कीर्तन परकं वाटणार नाही, भाषा कळली नाही तरी! सामागुरी सत्रात मुखवटे कसे घडवतात तेही पाहता येतं.

पश्चिमेची वाट शांत. हाजोला हयग्रीव माधव मंदिर आणि पोआ मक्का हा दर्गा ही दोन्ही तीर्थं एकाच गावात. मग मानस. पलीकडे भूतान, मध्ये नदी. 1992 ते 2011 हे अभयारण्य युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत होतं, आता सावरलंय. गेंडे कमी, पण रानम्हशी, हत्ती आणि मथनगुरीचा नदीकाठ आहे. चहाचे मळे बांसबारीजवळ लागतात, तेवढेच.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्व धरावी, पाच दिवस हाताशी ठेवून. तीनच असतील तर मानस. पावसाळ्यात मात्र दोन्ही उद्यानं बंद असतात.