संयुक्त राष्ट्रांचा करार-संग्रह: फुकट, भरवशाचा, पण तळापर्यंत वाचायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कायदा शिकणारी मुलं, मासेमारीवर लिहिणारे पत्रकार, मच्छीमार सोसायट्यांची निवेदनं तयार करणारे वकील, या सगळ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतो: भारताने अमुक करार मान्य केला खरा, पण कोणत्या अटी घालून? उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या ट्रीटीज डॉट यूएन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर मिळतं. पैसे लागत नाहीत आणि मजकूर दुय्यम नाही. अटी आणि त्यांवरच्या दुसऱ्या देशांच्या हरकती ज्यांच्याकडे दाखल होतात त्या महासचिवांच्याच दप्तरातला आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाने सुरुवात प्रकरण २१, क्रमांक ६ पासून करावी. हा १९८२चा समुद्र कायदा करार. वरच्या तक्त्यात नुसत्या तारखा: भारताची सही १० डिसेंबर १९८२, अनुसमर्थन (सहीनंतरची पक्की मान्यता) २९ जून १९९५. बहुतेक जण एवढं बघून पान बंद करतात. खरा माल, म्हणजे देशांची निवेदनं, तक्त्याच्या खाली आहे. पान लांबलचक आहे, त्यामुळे ब्राउझरच्या शोधपेटीत देशाचं नाव इंग्रजीत टाकून उड्या मारत जावं. भारत तिथे म्हणतो की आमच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा) आणि समुद्रबूड जमिनीवर आमच्या संमतीशिवाय दुसऱ्या देशाने लष्करी कवायती, विशेषतः शस्त्रं-स्फोटकं वापरून, करायच्या नाहीत. त्याच पानावर इटली आणि नेदरलँड्स म्हणतात, किनारी देशाला असा हक्कच नाही. गंमत म्हणजे या करारात कलम ३०९ प्रमाणे, करारानेच मुभा दिली नसेल तर राखीव अट, म्हणजे कराराचा अमुक भाग आम्हाला लागू नाही किंवा बदलून लागू असं सांगणं, घालता येत नाही. कलम ३१० फक्त निवेदनं करू देतं, तीही कराराचा कायदेशीर परिणाम न बदलणारी. त्यामुळे निवेदनाचा हवाला देताना ‘भारताने अट घातली’ असं लिहू नये.

उलट, कागदावर ‘निवेदन’ असं नाव असलं तरी परिणाम अटीचा असू शकतो. त्यासाठी प्रकरण ४, क्रमांक ८ उघडा: स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार. भारताने ९ जुलै १९९३ला अनुसमर्थन करताना कलम ५(अ) आणि १६(१) बद्दल निवेदन केलं: कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय ढवळाढवळ न करण्याचं आमचं धोरण सांभाळून ही कलमं पाळू. नेदरलँड्सने १४ जुलै १९९४ला हरकत घेतली की ही निवेदनं नव्हेत, कराराच्या हेतूशी विसंगत राखीव अटी आहेत. हरकत वाचताना शेवटचं वाक्य सोडू नका. ‘यामुळे आम्हा दोघांत करार लागू होण्यास बाधा येत नाही’ असं तिथे असतं, आणि बहुतेक हरकती तिथेच मवाळ होतात.

हरकतीच्या मुदतीचा नियम करार कसे करावे-पाळावे हे सांगणाऱ्या १९६९च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २० मधला: सूचना मिळाल्यापासून १२ महिने गप्प बसलेल्या देशाला ती अट मान्य आहे असं धरतात. तलाठ्याच्या फेरफार नोटिशीसारखंच हे, फक्त हरकतीवर निकाल द्यायला इथे मंडळ अधिकारी नाही. प्रत्येक देश आपापल्या नात्यापुरतं ठरवतो. भारत स्वतः व्हिएन्ना करारात नाही, हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मागे घेतलेल्या अटींत. मागे घ्यायला दुसऱ्या देशांची संमती लागत नाही, लेखी कळवलं की झालं. पण मग ती अट मुख्य मजकुरातून उठते आणि नोंद पानाच्या तळच्या टिपेत जाते. १९४८च्या नरसंहार कराराचं कलम ९ घ्या. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याबाबतच्या या कलमावरची अट सोव्हिएत संघाने मार्च १९८९मध्ये मागे घेतली. भारताची १९५९ची अट मात्र अजून उभी आहे. पाकिस्तानने नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर २०१०मध्ये घातलेल्या अटींवर हरकतींचा पाऊस पडला आणि २०११मध्ये त्यांतल्या बऱ्याचशा मागे गेल्या. जुन्या पुस्तकातून उतरवलेली यादी म्हणूनच धोक्याची. देशाच्या नावाशेजारचा बारीक आकडा दिसला की खाली जाऊन टीप वाचाच, आणि पानाच्या माथ्यावरची ‘अमुक तारखेची स्थिती’ टिपून ठेवा.

ईमेलने नव्या अधिसूचना मागवण्याची सोय आहे, पण रोज करारांवर काम नसेल तर नुसती गर्दी होते. तिथलंच करारविषयक हस्तपुस्तक मात्र उतरवून घ्यावं. अटीच्या पत्रावर राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्र्यांचीच सही, नाहीतर पूर्णाधिकारपत्र (दुसऱ्याला सहीचा अधिकार देणारं पत्र) लागतं, असले बारकावे त्यात सोपे करून दिलेत.

मराठी नाही, हिंदीही नाही, इंग्रजी-फ्रेंचवर भागवायचं. आणि जहाजावरच्या खलाशांचे प्रश्न घेऊन इथे येऊ नये. सोलास (जहाजांची सुरक्षा), मारपोल (जहाजांचं प्रदूषण) हे करार लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे दाखल होतात, त्यांची स्थिती तिच्याच संकेतस्थळावर. पगार, कामाचे तास, मायदेशी परत पाठवणं हे २००६च्या सागरी कामगार करारात येतं, तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नॉर्मलेक्स या माहितीसंग्रहावर सापडेल. श्रम संघटनेच्या करारांना राखीव अटी चालत नाहीत, तेव्हा तिथे त्या शोधत बसू नका.