पदनाम ‘मेनफ्रेम ॲडमिनिस्ट्रेटर’, कामे पाच जणांची: एका भरती सेवेचा अनुभव

मेनफ्रेमसाठी, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या मोठ्या संगणकांसाठी, तज्ज्ञ माणसे शोधून देणाऱ्या एका भरती सेवेचा उपयोग आम्ही गेल्या वर्षभरात तीन जागांसाठी केला. या सेवेकडे पदांची एक तयार सूची आहे. मागणी नोंदवताना त्या सूचीतून पदनाम निवडायचे, त्याखाली दिलेली कामे मान्य करायची आणि मग त्या पदनामाशी जुळणाऱ्या उमेदवारांची माहिती आपल्याकडे येते. तीनपैकी दोन जागा लवकर आणि चांगल्या भरल्या. तिसरीला मात्र चार महिने लागले आणि त्यातला बहुतेक वेळ पदनामाच्या घोळातच गेला.

आधी जमेच्या बाजूविषयी. ऑपरेशन्सची पदे या सूचीत जाणकाराने लिहिल्यासारखी आहेत. बाहेरच्या माणसाला ऑपरेटर आणि प्रॉडक्शन कंट्रोल हे एकच वाटतात, पण कन्सोलसमोर बसून संदेशांवर लक्ष ठेवणारा, उत्तरासाठी थांबलेल्या संदेशाला उत्तर देणारा आणि ठरलेल्या क्रमाने आयपीएल करणारा, म्हणजे सिस्टीम नव्याने सुरू करणारा, माणूस वेगळा. आणि रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे आपोआप एकापाठोपाठ चालणाऱ्या कामांमध्ये, कोणता जॉब कोणाच्या मागे लागेल, तो पडला तर कोणत्या स्टेपपासून पुन्हा चालवायचा, हे ठरवणारा वेगळा. सूचीत ही रेघ स्पष्ट ओढलेली आहे, आणि आम्ही जॉबचे वेळापत्रक चालवणाऱ्या कंट्रोल-एमचा अनुभव मागितला तेव्हा तोच अनुभव असलेला माणूस आला. कोबॉल या भाषेत ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरच्या बाबतीतही तक्रार नाही. व्यवहार हाताळायला सीआयसीएस की आयएमएस, डेटा ठेवायला डीबी२ की व्हीसॅम, हे त्यांनी आपणहून विचारले.

अडचण आली ती सिस्टीम्स प्रोग्रॅमरच्या जागेला. हे नाव मुळात फसवे आहे, हे मान्य करायला हवे. असेम्ब्लर भाषेत एक्झिट, म्हणजे सिस्टीमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्याच्या काळापासून ते चालत आले आहे; आज या माणसाचा बहुतेक वेळ एसएमपी/ई या साधनाने सॉफ्टवेअर उत्पादने आणि पीटीएफ (दुरुस्त्या) बसवण्यात, पार्मलिब या लायब्ररीतील सिस्टीमच्या सेटिंगचे सदस्य सांभाळण्यात आणि झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमची पुढची आवृत्ती उभी करण्यात जातो. सेवेच्या चाळणीने ‘प्रोग्रॅमर’ हा शब्द धरला आणि आमच्याकडे पाठोपाठ तीन अनुभवी ॲप्लिकेशन प्रोग्रॅमर पाठवले. त्यांपैकी एकाला मी विचारले, की अप्लाय केलेले (चालू सिस्टीमवर बसवलेले) पीटीएफ ॲक्सेप्ट केल्यावर (कायम केल्यावर) रिस्टोअरने मागे घेता येते का. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की एसएमपी/ई त्याने कधी उघडलेलेही नाही. (उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण रिस्टोअर जुनी प्रत वितरण लायब्ररीतून, म्हणजे मूळ प्रतींच्या साठ्यातून, घेते आणि ॲक्सेप्ट नेमकी तीच लायब्ररी बदलून टाकते.) दोष त्याचा नव्हता, त्याच्या माहितीपत्रावर ते पदनाम सेवेने चिकटवले होते.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता. सूचीत ‘मेनफ्रेम ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे एक पद आहे आणि त्याखाली सिस्टीमची देखभाल, वापरकर्त्यांचे परवाने, डिस्क व टेप, डेटाबेस आणि क्षमतेचे नियोजन अशी पाच जणांची कामे एकत्र बांधलेली आहेत. युनिक्सकडून आलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटेल, कारण तिथे रूट हे खाते म्हणजे सर्वेसर्वा. झेड/ओएसवर असा एकच राजा नसतो, आणि तो नसावा अशीच रचना आहे. १९७६ साली आलेल्या रॅकएफ या सुरक्षा-प्रणालीमध्येच स्पेशल, ऑपरेशन्स आणि ऑडिटर हे अधिकार वेगवेगळे ठेवलेले आहेत: पहिला परवाने देतो, दुसरा देखभालीसाठी डेटासेटपर्यंत (मेनफ्रेमवरील फाइलपर्यंत) पोहोचू देतो आणि तिसरा काय नोंदवले जावे हे ठरवतो व ते तपासतो. आता दुसरी बाजू पाहा. ज्याच्या हाती एपीएफ यादी, म्हणजे विशेषाधिकार असलेल्या लायब्रऱ्यांची यादी, आहे, तो आपली लायब्ररी तिच्यात घालून सुपरव्हायझर स्टेटमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याच पातळीवर, जाणारा प्रोग्रॅम चालवू शकतो, आणि तिथे पोहोचल्यावर सुरक्षेची तपासणी टाळणे त्याला अशक्य नसते. म्हणजे सिस्टीम्स प्रोग्रॅमरवर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि म्हणूनच स्पेशल अधिकार दुसऱ्याकडे आणि एसएमएफ नोंदी (सिस्टीमवर काय घडले याच्या नोंदी) वाचण्याचे काम तिसऱ्याकडे असावे लागते. सूचीतले ते पद आम्ही जसेच्या तसे भरले असते, तर पहिल्याच लेखापरीक्षणात ते फेटाळले गेले असते.

लहान ठिकाणी एका माणसाला दोन-तीन टोप्या घालाव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. सिस्टीम्स प्रोग्रॅमरने स्टोरेजही सांभाळले तर बिघडत नाही. सुरक्षा सांभाळली तर बिघडते. मागणी नोंदवण्याच्या अर्जात हा फरक सांगायला जागाच नाही.

सीमा कुठे पुसट होते हे पाहायचे असेल, तर मध्यरात्री जॉब पडल्यावर झोपमोड कोणाची होते ते पाहावे. एस०सी७ हा बिघाडाचा कोड आला, ज्याला सगळे सॉक-सेव्हन म्हणतात, तर आकड्याच्या जागी भलताच डेटा आला आहे आणि ॲप्लिकेशनवाल्याला उठवावे लागते. एस९१३ आला तर परवान्याचा प्रश्न आहे. पण जागा संपल्याचा एसबी३७ आला तर? जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबच्या सूचनांमध्ये, जागा कमी मागितली होती, की स्टोरेज पूलच भरला होता, यावर अर्धी रात्र वाद होऊ शकतो. सेवेच्या सूचीत स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटरखाली ‘डिस्क व टेप व्यवस्थापन’ एवढीच ओळ आहे. नवा डेटा कुठे ठेवायचा हे ठरवणारे एसीएस रुटीन कोण लिहितो, एचएसएमने स्वस्त साठ्यात हलवलेला डेटा परत कधी आणायचा, याचा उल्लेखही नाही. डीबीएचे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचेही, तेच. डीबी२चे सबसिस्टीम बसवणारा व झेडपार्म (त्याची सेटिंग) सांभाळणारा आणि रीऑर्ग, रनस्टॅट्स व बाइंड ही डेटाबेसची नेहमीची कामे पाहणारा हे दोघे त्यांनी एकाच नावाखाली ठेवले आहेत.

सूचीत अलीकडे मेनफ्रेम डेव्हऑप्स इंजिनिअर (प्रोग्रॅममधले बदल तयार होण्यापासून चालू होण्यापर्यंत पाहणारा) हेही पद आले आहे. झोवे आणि गिट ही नवी साधने वापरणाऱ्या माणसांची गरज आहेच, परंतु तयार झालेला बदल प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमवर सोडण्याची मंजुरी कोणाची, हे त्या वर्णनात लिहिलेले नाही.

सेवेच्या प्रतिनिधींचे वागणे मात्र सौजन्याचे होते. आम्ही अखेर पदनाम बाजूला ठेवून एक पानभर कागद पाठवला: कोणत्या डेटासेटवर लिहिण्याचा अधिकार असेल, कोणता मुळीच नसेल, कोणत्या बिघाडाला फोन येईल. त्या कागदावरून तीन आठवड्यांत योग्य माणूस मिळाला. त्याचे आधीच्या नोकरीतले पदनाम होते ‘टेक्निकल स्पेशलिस्ट’. ऑपरेशन्स आणि ॲप्लिकेशनच्या जागांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. सिस्टीमच्या जागांसाठी सूची उघडूच नये; त्याऐवजी असा कागद द्यावा. त्यांनी आमचा कागद नमुना म्हणून ठेवून घेण्याची परवानगी मागितली आणि आम्ही ती दिली, तरी मागच्या आठवड्यात पाहिले तेव्हा सूचीत सर्वांत वर ‘मेनफ्रेम ॲडमिनिस्ट्रेटर’ हेच पद होते.