पोस्टग्रेसचा स्टँडबाय: कापसाच्या एका हंगामानंतर

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव, काटापट्टी, शेतकऱ्याचा चुकारा, सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. दिवाळीनंतर गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. तेव्हा सर्व्हर बंद म्हणजे काटा बंद. म्हणून हंगामाआधीच स्ट्रीमिंग रेप्लिकेशन लावलं: मुख्य मशीनवरचा प्रत्येक बदल दुसऱ्या राखीव मशीनवर, म्हणजे स्टँडबायवर, जात राहतो. मुख्य मशीन ऑफिसात, स्टँडबाय काट्याच्या खोलीत. जिनिंगला आगीचं भय कायम, दोन्ही एका छताखाली नकोत.

ऐन गर्दीत मुख्य मशीनचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) गेला. स्टँडबायवर त्यालाच मुख्य करणारं पीजी_प्रमोट चालवलं आणि काही क्षणांत तिथे नोंदी होऊ लागल्या. हे फंक्शन आवृत्ती 12 पासून आहे. काट्याच्या प्रोग्रामला दोन्ही मशीनचे पत्ते देऊन, जे लिहू देईल त्यालाच जोडायचं, असं आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटच्या काही काटापट्ट्या कागदावरून ताडून पाहिल्या, कारण आमचं रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे, मुख्य मशीन स्टँडबायच्या पोचेची वाट न पाहता नोंद पक्की करतं. मुख्य मशीन पडताना शेवटच्या नोंदी पलीकडे पोचल्या नसतील अशी शक्यता राहते. सिंक्रोनस, म्हणजे स्टँडबायची पोच आल्यावरच नोंद पक्की, असं केलं असतं, तर एकुलता स्टँडबाय बंद पडताच काटाही अडला असता.

खरी काळजी जुन्या मशीनची. आपल्याकडे लाईन जाते-येते. बंद पडलेलं मशीन आपोआप सुरू झालं, तर ते स्वतःला मुख्यच समजतं. मग दोन ठिकाणी नोंदी, एकाच नंबरच्या दोन काटापट्ट्या, आणि चुकाऱ्याच्या वेळी शेतकऱ्यासमोर उत्तर नाही. म्हणून प्रमोट करण्याआधी जुन्याची नेटवर्क केबल काढायचीच. बायोसमध्ये लाईन आल्यावर आपोआप चालू होणं बंद ठेवलंय, पोस्टग्रेसही हातानेच सुरू करायचं. आपोआप प्रमोट करणारी साधनं मी मुद्दाम घेतली नाहीत: दोनच मशीन असताना समोरचं मेलं की मधली केबल तुटली, हे दुसऱ्याला कळत नाही. ते माणसाने जाऊन पाहावं.

दुरुस्तीनंतर जुन्या मशीनचा डेटा नव्या मुख्याशी जुळवणारं पीजी_रिवाइंड वापरून ते नव्या मुख्याचं स्टँडबाय केलं. त्यासाठी डेटा चेकसम (डेटा बिघडला का हे तपासणारे आकडे) आधीपासून चालू होते; नसतील तर वॉल_लॉग_हिंट्स ही सेटिंग आधीच चालू ठेवा, ऐनवेळी उपयोग नाही.

तक्रार एकच, रेप्लिकेशन स्लॉटची, म्हणजे स्टँडबायला न पोचलेले बदल मुख्य मशीनवर राखून ठेवणाऱ्या सोयीची. स्टँडबाय बराच वेळ बंद राहिला की मुख्य मशीनवर वॉल फायली (बदलांची नोंद असलेल्या फायली) साचत जातात आणि डिस्क भरू शकते. मर्यादा घालायची सोय आवृत्ती 13 पासून आहे, पण मुळात ती अमर्याद असते. आपणच घालावी लागते. आणि रात्रीचा बॅकअप आम्ही वेगळा घेतोच: चुकून पुसलेली नोंद स्टँडबायवरूनही लगेच पुसली जाते.