केव्ह की सायक्यो : पहिला शूटिंग गेम कुणाचा घ्यावा?

लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये ज्यांनी '१९४२' किंवा 'गॅलेक्सियन' खेळलंय, त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. ज्यांनी नाही खेळलं, त्यांचंही काही अडणार नाही. यूट्यूबवर गुलाबी-निळ्या गोळ्यांनी गच्च भरलेला पडदा आणि त्यातून वाट काढणारं इवलंसं विमान पाहून हात शिवशिवायला लागले आहेत. आता पैसे घालायचे तर जपानमधल्या कुणाच्या गेमवर, एवढाच प्रश्न आहे.

मी दोनच कंपन्यांची नावं समोर ठेवतो: केव्ह आणि सायक्यो. दोघांनी ऐन उमेदीच्या काळात प्रामुख्याने आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, शूटिंग गेम केले. बाकी मंडळी आहेत, पण पहिल्या खरेदीसाठी नकोत. ट्रेझरचा 'इकारुगा' (२००१) सुंदर आहे. त्यात विमानाचा रंग काळा-पांढरा बदलत त्या त्या रंगाच्या गोळ्या गिळायच्या असतात. तो मुळात एक कोडं आहे आणि तो येऊन इतर शूटिंग गेम येत नाहीत. रेझिंगचा 'बॅटल गारेगा' (१९९६) तर कुणाला पहिला गेम म्हणून सुचवणं म्हणजे जुनं वैर काढणं. तुम्ही जितक्या गोळ्या झाडाल आणि जितकी ताकद गोळा कराल तितका तो छुप्या पद्धतीने कठीण होत जातो, आणि मुरलेले खेळाडू तो आटोक्यात ठेवायला मुद्दाम मरतात. हे नंतर कधीतरी.

दोघांची कुळं वेगळी आहेत आणि फरकाचं मूळ तिथेच आहे. सायक्यो १९९२ साली क्योटोमध्ये सुरू झाली. तिथली मुख्य माणसं व्हिडिओ सिस्टीम या कंपनीतून आली होती. 'सोनिक विंग्ज' हा त्यांचा आधीचा गेम, आणि सायक्योचा पहिला गेम 'सामुराई एसेस' (१९९३) त्याच चालीचा. विमान, बॉम्ब, भराभर येणारे शत्रू, छोटे छोटे टप्पे. तुमच्या '१९४२'चं हेच घराणं. त्यातलं पी-३८ लाइटनिंग विमान सायक्योच्या 'स्ट्रायकर्स १९४५'मध्येही (१९९५) उडवता येतं.

केव्हची कथा तोआप्लानपासून सुरू होते. ऐंशीच्या दशकात 'फ्लाइंग शार्क', 'ट्विन कोब्रा', 'ट्रक्स्टन' असे एकापेक्षा एक गेम करणारी ही टोकियोची कंपनी १९९४ साली दिवाळखोरीत गेली. जायच्या आधी १९९३ मध्ये तिने 'बात्सुगुन' काढला. त्यात पडद्यावर तोवर कधी नव्हत्या इतक्या गोळ्या होत्या, आणि खेळाडूच्या विमानाचा गोळी लागण्याचा भाग मात्र लहान केला होता. बुलेट हेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराची सुरुवात बहुतेक लोक इथूनच धरतात. कंपनी बुडाल्यावर तिथल्या काही लोकांनी केव्ह उभी केली. त्यांच्यात प्रोग्रॅमर त्सुनेकी इकेदा होते, आणि पुढे केव्हच्या बहुतेक मोठ्या गेमवर त्यांचीच छाप राहिली. 'दोनपाची' १९९५ साली आला आणि 'दोदोनपाची' १९९७ साली. त्यानंतर गोळ्या मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही.

गोळ्या : कमी म्हणजे सोपं नव्हे

नवा माणूस इथेच फसतो. दोन्ही कंपन्यांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावले तर कुणीही म्हणेल की सायक्योचं सोपं आहे, पडद्यावर मोजक्या गोळ्या आहेत. प्रत्यक्षात सायक्योची गोळी वेगवान असते आणि बहुतेकदा तुम्ही उभे आहात तिथेच नेम धरून सुटते. ती पाहून हलायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. हलणं आधीच सुरू हवं. केव्हच्या गोळ्या संख्येने शेकड्यात, पण हळू आणि नक्षीत येतात. विमानाचं चित्र मोठं दिसलं तरी गोळी लागायची खरी जागा मधल्या काही ठिपक्यांएवढीच असते. पंख गोळ्यांमधून खुशाल जातात. केव्ह खेळणं म्हणजे संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरून वाट काढणं, आणि सायक्यो म्हणजे पायी हायवे ओलांडणं. पुलावर जीव घुसमटतो, पण धोका हायवेवर जास्त.

केव्हमध्ये बटण दाबून धरलं की बहुतेक गेममध्ये पसरट मारा थांबून लेझर सुरू होतो आणि विमानाचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की दोन गोळ्यांच्या मधल्या फटीतून सुईसारखं जाता येतं. शत्रूंची गर्दी उडवायला पसरट मारा, गोळ्यांच्या जाळीतून जायला लेझर: ही अदलाबदल बोटांत बसली की केव्हचा निम्मा गेम आला. सायक्योमध्ये बटण धरून ठेवणं किंवा मीटर भरणं हे मोठ्या माऱ्यासाठी असतं, वेगाशी त्याचा संबंध नाही. शिवाय तिच्या बऱ्याच गेममध्ये शत्रूच्या विमानाला नुसतं घासलात तर मरत नाही, फक्त माऱ्याची ताकद एका पायरीने उतरते. ही सवलत दिसते छोटी. ती वाचवते भरपूर वेळा.

केव्हच्या बाजूने आणखी एक गंमत. गोळ्या फार झाल्या की मूळ मशीनचा प्रोसेसर दमायचा आणि सगळा खेळ संथ व्हायचा. नेमक्या अवघड क्षणी मिळणारी ती क्षणभराची उसंत खेळाचा भागच बनून गेली. म्हणून घरच्या मशीनवर आणताना हा संथपणाही मोजूनमापून उतरवावा लागतो. न उतरवला तर तोच गेम अचानक अशक्य होतो. एम२ या जपानी कंपनीच्या आवृत्त्यांना लोक नावाजतात ते अशाच बारकाव्यांसाठी.

वेळ आणि हाव

सायक्योचे टप्पे लहान असतात. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, पटकन येतो, पटकन आपलं रूप बदलतो (युद्धनौका किंवा रणगाडा उलगडून आतून यंत्रमानव निघणं ही 'स्ट्रायकर्स'ची नेहमीची करामत) आणि पटकन मरतो किंवा मारतो. 'स्ट्रायकर्स १९४५'मध्ये आठ टप्प्यांपैकी पहिल्या चारांचा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे सुरुवात पाठ होऊन कंटाळा येत नाही. ऑफिसातून आल्यावर जेवायच्या आधी एक डाव व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी यापेक्षा नेटकी रचना मला माहीत नाही.

गुणांच्या बाबतीत मात्र केव्ह फार पुढे आहे. इथे माझा कल लपवत नाही. 'दोदोनपाची'त एक शत्रू मारला की छोटं मीटर भरतं. ते रिकामं व्हायच्या आत दुसरा मारायचा, मग तिसरा. साखळी तुटली नाही तर आकडा चढत जातो आणि पूर्ण टप्पा एका साखळीत बांधणं हे ध्येय होऊन बसतं. त्यासाठी कोणता शत्रू कुठून येतो आणि कुणाला क्षणभर राखून ठेवायचा, हे सगळं ठरवावं लागतं. 'केत्सुई'मध्ये (२००३) शत्रूला जितकं जवळून माराल तितकं मोठं बक्षीस पडतं, म्हणजे जीव वाचवायचा तर लांब राहा आणि गुण हवेत तर मृत्यूच्या तोंडाशी जा. गेम संपवता आला तरी तो खेळून संपत नाही.

सायक्योची गुणपद्धत बहुतेक ठिकाणी साधी आहे. सोन्याची वीट ऐन चमकताना उचलली तर पूर्ण गुण, एरवी कमी. अपवाद 'स्ट्रायकर्स १९४५ थ्री'चा (१९९९). त्यात बॉसचा गाभा काही क्षण उघडा पडतो, त्याच वेळी जवळ जाऊन मारा केला तर अख्खा बॉस एका फटक्यात खलास. ती हिंमत एकदा जमली की परत परत करावीशी वाटते.

वातावरण ही ज्याची त्याची आवड. 'गनबर्ड'मध्ये (१९९४) झाडूवर बसलेली चेटकीण आणि विनोदी खलनायक आहेत, घरातली लहान मुलंही हसतात. केव्हच्या 'ग्वांगे'त (१९९९) मध्ययुगीन जपानमधली भुतंखेतं आहेत, 'डेथस्माइल्स'मध्ये (२००७) हॅलोविनचा गॉथिक थाट. 'डेथस्माइल्स'बद्दल एक सावधगिरी: त्यातल्या लहान मुलींची सजवलेली चित्रं सगळ्यांनाच रुचतील असं नाही. बैठकीच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर लावायच्या आधी एकदा पाहून घ्या. खेळ म्हणून मात्र तो नवख्यांना सोयीचा आहे, कारण बहुतेक टप्प्यांची कठीणता टप्प्यागणिक स्वतः निवडता येते.

कशावर खेळणार?

पीसी असेल तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात दोघांचेही गेम आले आहेत. केव्हचे 'मुशिहिमेसामा' (तिथे २०१५ पासून), 'डेथस्माइल्स' आणि 'दोदोनपाची रिझरेक्शन'; सायक्योचे 'स्ट्रायकर्स' आणि 'गनबर्ड'सह बरेच. सायक्यो आता उरलेली नाही आणि तिच्या गेमचे हक्क सिटी कनेक्शनकडे आहेत. केव्ह जिवंत आहे, पण २०१२ च्या 'साईदाईओजो'नंतर आर्केडचा नवा 'दोदोनपाची' आलेला नाही. कंपनी मोबाइलकडे वळली.

निन्टेन्डोचं स्विच हे गेमचं मशीन असेल तर सायक्योचं पारडं जड होतं. २०२० साली तिच्या गेमचे 'शूटिंग स्टार्स अल्फा' आणि 'ब्राव्हो' असे दोन संच निघाले, प्रत्येकात सहा गेम. एका खरेदीत एवढा ऐवज केव्हकडून मिळत नाही. 'अल्फा'त 'स्ट्रायकर्स'चे तिन्ही भाग आहेत, म्हणून निवडायचा तर तोच. अर्थात निन्टेन्डो आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकत नाही, तेव्हा केवळ या गेमसाठी बाहेरून मागवलेला महागडा स्विच घ्यावा असं मी म्हणणार नाही. फोनवर 'स्ट्रायकर्स'च्या आवृत्त्या मिळतात, पण बोटाखाली अर्धा पडदा झाकला जातो, आणि मूळ खेळाचा ताल तिथे कळत नाही.

दोन्हीकडचे बरेच गेम उभ्या पडद्यासाठी बनलेले आहेत. आडव्या मॉनिटरवर डावी-उजवीकडे काळे पट्टे येतात आणि मधल्या चिंचोळ्या भागात सगळं चालतं. मॉनिटर फिरवता येत असेल तर नव्वद अंशांत फिरवा आणि सेटिंगमधून चित्रही फिरवा. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. बटण दाबल्यावर विमान उशिरा हललं तर दोष तुमच्या बोटांचा नसतो, आणि सायक्योच्या वेगात हा उशीर सहनच होत नाही.

माझं मत

पहिले पैसे 'मुशिहिमेसामा'वर (मूळ आर्केडचा २००४ चा) घाला. रेको नावाची मुलगी सोनेरी भुंग्यावर बसून जंगलात जाते, टप्पे पाच. हा गेम केव्हचा असला तरी त्यात 'ओरिजिनल', 'मॅनियॅक' आणि 'अल्ट्रा' असे प्रकार आहेत. 'ओरिजिनल'मध्ये गोळ्या कमी आणि वेगवान, जुन्या धाटणीच्या. 'मॅनियॅक'मध्ये त्या हळू, पण पडदा झाकून टाकणाऱ्या. म्हणजे एकाच किमतीत दोन्ही घराण्यांची चव घेता येते. 'अल्ट्रा'कडे अजून फिरकू नका. स्टीमवर नवशिक्यांसाठी सौम्य केलेला प्रकारही आहे, तो आधी लावायला लाजू नका.

'ओरिजिनल'मध्ये रमलात तर पुढची खरेदी 'स्ट्रायकर्स १९४५ टू' (१९९७). सायक्योच्या गेममध्ये सर्वात सोप्या पातळीचं नाव 'माकड' असतं. सुरुवात तिथूनच करा, अपमान गिळा. 'मॅनियॅक'ने झोप उडवली तर 'दोदोनपाची रिझरेक्शन'. त्यात गोळी लागायच्या क्षणी बॉम्ब आपोआप फुटायची सोय ठेवता येते.

आणि कोणताही घेतलात तरी 'कंटिन्यू' दाबत शेवटापर्यंत जाऊ नका. तसं केलं तर अर्ध्या तासात शेवट दिसतो, पैसे वाया गेले असं वाटतं आणि गेम धूळ खात पडतो. एका क्रेडिटमध्ये, म्हणजे एका नाण्याच्या डावात, तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचायचं, एवढंच पहिल्या आठवड्याचं लक्ष्य ठेवा.