चॅनलांची यादी वेगळ्या विंडोत ठेवावी की डाव्या पॅनेलमध्ये?

एफएलडिजी हा हॅम रेडिओवाल्यांचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. पीएसके३१ म्हणजे रेडिओवरून टाइप केलेला मजकूर पाठवायची एक पद्धत. एफएलडिजीत तिचे सगळे सिग्नल एकदम वाचायला दोन वाटा आहेत. व्ह्यू मेनूतून सिग्नल ब्राउझर उघडला की वेगळी विंडो येते. त्याच मेनूत चॅनल दाखवायचा-लपवायचा पर्याय आहे, तो घेतला की तीच यादी मुख्य विंडोत, येणाऱ्या मजकुराच्या डाव्या अंगाला उभी राहते. डीकोड करणारं काम आत एकच आहे, त्यामुळे कुठे जास्त चांगलं वाचलं जातं हा प्रश्न नाही. प्रश्न नजरेचा आणि जागेचा आहे. निपाणीचे एक स्नेही नुकतेच हॅमची परीक्षा पास होऊन लायसन्सची वाट बघतायत, तोवर नुसतं ऐकतात. त्यांनी विचारलं म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी दोन्ही वापरलंय, आधी वेगळी विंडो आणि मग पॅनेल.

आधी दोन्हीकडे सारखंच लागणारं थोडं सांगतो. यादीत तीस चॅनल, म्हणजे तीस ओळी, घेता येतात आणि एकेक चॅनल १०० हर्ट्झचा. सुरुवात ५०० हर्ट्झवर ठेवली तर तिसावा चॅनल जवळपास ३५०० पर्यंत जातो. पण आपल्या रिगचा, म्हणजे रेडिओ सेटचा, एसएसबी (आवाजासाठीचा) फिल्टर साधारण २७००-२८०० च्या पुढे काही येऊच देत नाही. मग वरच्या सात-आठ ओळी कायम रिकाम्या. मी बावीस ठेवल्यात, त्यात काही हुकल्याचं मला तरी आठवत नाही. ओळीच्या डोक्यावर ऑडिओ फ्रिक्वेन्सी लावावी. रेडिओची फ्रिक्वेन्सीही लावता येते, पण रिग कॉम्प्युटरला जोडलेली नसेल तर तो आकडा तुम्ही हाताने जे भरलं असेल त्याच्याच भरवशावर असतो. आणि वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या पट्ट्यावर, डोळा आपोआप ऑडिओचाच आकडा शोधतो.

स्क्वेल्चची, म्हणजे कमजोर गोंगाट गाळायची, सरकपट्टी मात्र मनापासून लावा. मी बेळगावात मजगावला राहतो, पलीकडे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत. दिवसभर लेथ, मोटारी, वेल्डिंग चालू, शिवाय घराघरातले एलईडी दिवे. पट्टी खाली असली की रिकाम्या ओळींत ‘ई’, ‘टी’, ‘ओ’ अशी सुटी अक्षरं टपटप पडत राहतात. पीएसके३१ च्या व्हॅरिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या संकेतलिपीत, जास्त लागणाऱ्या अक्षरांना सगळ्यात छोटे संकेत दिलेत, म्हणून गोंगाट डीकोड झाला की तीच अक्षरं निघतात. ती दिसायची थांबेपर्यंत पट्टी वर घ्या आणि मग केसभर खाली आणा.

आता वेगळी विंडो. तिचं सुख खरं आहे. हवी तेवढी रुंद करता येते, एकेका ओळीत अख्खं वाक्य मावतं. कोण कोणाशी बोलतंय, कोणाचं बोलणं संपत आलंय, हे एका नजरेत कळतं. मी जुना मॉनिटर लॅपटॉपला जोडून ती त्याच्यावर पूर्ण पसरली होती. संध्याकाळी २० मीटर बँडवर, १४.०७० मेगाहर्ट्झला, इटली आणि रशियाच्या ओळी शेजारी शेजारी सरकताना बघणं हा आनंदच होता. निपाणीच्या स्नेह्यांचा कल तिकडेच आहे. “एवढी मोठी यादी त्या कोपऱ्यात कशाला कोंबताय, पसरू दे की!” असं ते मला म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे.

पण माझं मन फिरलं ते पावसाळ्यात. आमच्याकडे वारा सुटला, फांदी पडली, की वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. आणि रेडिओवाल्याला तीच पर्वणी असते. अख्ख्या गल्लीची वीज गेली की गल्लीतला सगळा गोंगाटही जातो. इन्व्हर्टर मी स्वतःच बंद करतो, कारण त्याचाही आवाज बँडवर येतो. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर. वॉटरफॉलची पिवळट चादर एकदम गडद निळी होते आणि एरवी कधी न दिसणाऱ्या बारीक रेघा वर येतात.

नेमक्या त्याच वेळी मॉनिटर अंधारात. तो विझला तरी केबल जोडलेलीच असते, त्यामुळे लॅपटॉपच्या हिशोबाने तो अजून चालूच. माझी यादी त्या काळ्या काचेवर, तिला ओढून आणायला माउस न्यायचा तर बाण दिसत नाही. अंधारात केबल चाचपून उपटायची, मग विंडो लॅपटॉपवर उडी मारून येते ती नेमकी वॉटरफॉलवर. तिथून उचलून वर ठेवली की येणारा मजकूर झाकला जातो. चौदा इंचांच्या पडद्यावर ती कुठेही ठेवा, काहीतरी झाकतेच. एका रात्री असंच करता करता एक जपानी स्टेशन सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देऊन थांबलं. यादी समोर आली तेव्हा निष्क्रियतेची मुदत (सिग्नल थांबल्यावर ओळ किती वेळ ठेवायची ती) संपून त्याची ओळ पुसली गेली होती. वॉटरफॉलवर रेघेचं नुसतं शेपूट उरलेलं. कॉलसाईन, म्हणजे त्या स्टेशनचं ओळखनाव, काय होता ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी यादी डावीकडे आणली आणि ती तिथेच आहे.

पॅनेलची अडचण लपवत नाही, ते अरुंद आहे. माझ्या पडद्यावर ओळीत जेमतेम पंचवीस अक्षरं दिसतात. म्हणून सलग सरकणारा मजकूर चालू ठेवावाच लागतो. तो बंद असेल तर ओळ कडेला पोचली की पुसून पुन्हा सुरू होते आणि कॉलसाईन अर्ध्यात तुटतो. यादीचा फाँट लहान केला आणि मधली कड थोडी उजवीकडे ओढली की बावीसच्या बावीस ओळी दिसतात. निष्क्रियतेची मुदत मी ३० सेकंद केलीय. ओळीवर क्लिक केल्यावर मागचा मजकूरही आणून दाखवण्याचा पर्याय आहे, तो टिकमार्क करून ठेवा. उशिरा पोचलात तरी आधी आलेला कॉलसाईन समोर येतो. आणि क्लिक करून वाचायला नजर वीतभरही हलवावी लागत नाही, हे मला सगळ्यात भावतं.

शिवाय एफटी८ ही नवी डिजिटल पद्धत आल्यापासून गर्दी चार किलोहर्ट्झ वर, १४.०७४ ला गेलीय. पीएसकेवर एरवी चार-पाच ओळी जिवंत असल्या तरी पुष्कळ. तेवढ्यासाठी अख्खा मॉनिटर अडवावा असं मला वाटत नाही. रेडिओ स्पर्धेच्या शनिवार-रविवारी गोष्ट वेगळी, तेव्हा मीही क्वचित विंडो उघडतो. तुमच्या घरी वीज सहसा जात नसेल, पडदा मोठा असेल, तर विंडो घेण्यात काही चूक नाही. खानापूरच्या रानाकडे किंवा आमच्यासारख्या गल्लीत असाल तर आधी पॅनेल महिनाभर वापरून बघा, असंच सुचवीन.

जे काही ठरवाल, सेटिंग बदलल्यावर कॉन्फिग सेव्ह करायला विसरू नका. मी एकदा विसरलो, तर पुढच्या वेळी बावीस ओळींच्या पुन्हा तीस झाल्या होत्या आणि खाली-वर करण्यातच दहा मिनिटं गेली.